फ्रेम अडते कुठे?

२७ सप्टेंबर २०२३ रोजी 'काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह' हा खेळ स्टीमवरून उतरला आणि त्याच जागी 'काउंटर-स्ट्राइक २' येऊन बसला. नव्या खेळासाठी वेगळे पैसे पडले नाहीत, जुन्या खेळात कमावलेल्या बंदुकांच्या स्किन्सही जशाच्या तशा मिळाल्या. संगणक मात्र ज्याचा त्याचा, होता तोच राहिला. २०१२ साली आलेला जुना खेळ २ जीबी रॅम, २५६ एमबीचे ग्राफिक्स कार्ड आणि १५ जीबी जागा एवढ्यावर सुरू होत असे. नव्याच्या किमान गरजांत ८ जीबी रॅम, डायरेक्टएक्स ११ चालवणारे १ जीबीचे कार्ड आणि ८५ जीबी जागा आली. डायरेक्टएक्स ९, ३२-बिट विंडोज आणि मॅक या तिघांना तर दारच बंद झाले. आदल्या दिवशीपर्यंत सुरळीत चालणारा खेळ अनेकांच्या यंत्रावर एका अपडेटनंतर रखडू लागला आणि मग उपायांची रांग लागली: ही सेटिंग बंद करा, ती फाइल बदला, अमुक बूस्टर टाका, रजिस्ट्रीत तमुक आकडा भरा. असे उपाय प्रत्येक ऑनलाइन खेळाभोवती साचलेले असतात. त्यांचा आढावा घेतला की एक गोष्ट ठळक दिसते. उपाय पुष्कळ आहेत, पण कोणाच्या यंत्राला नेमके काय झाले आहे हे आधी पाहण्याची रीत जवळजवळ नाही. कमी फ्रेम रेट हे लक्षण आहे, रोग नव्हे. एकाच लक्षणामागे चार-पाच वेगळी कारणे असू शकतात आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून जुन्या संगणकावर खेळ सुधारण्याचे काम मुळात निदानाचे आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

फ्रेम म्हणजे पडद्यावर उमटणारे एक स्थिर चित्र. सेकंदाला अशी ६० चित्रे हवी असतील तर एका चित्राला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हवी असतील तर ६.९४. या वेळात दोन कामे उरकायची असतात. खेळाडू कुठे आहेत, गोळी कुठे गेली, सर्व्हरकडून काय निरोप आला हा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय काढायचे त्याची यादी ग्राफिक्स कार्डाच्या हाती देतो. कार्ड त्या यादीबरहुकूम एकेक पिक्सेल रंगवते. घरात एकाने पोळ्या लाटाव्यात आणि दुसऱ्याने भाजाव्यात, तसा हा प्रकार आहे. लाटणारा मिनिटाला तीन लाटत असेल तर तवा कितीही मोठा आणला तरी चौथी पोळी मिळत नाही. भाजणारा मागे पडला असेल तर लाटणाऱ्याचा हात चालवून पोळपाटावर ढीग तेवढा वाढतो. दोघांपैकी जो हळू, त्याच्याच वेगाने घर जेवते. संगणकातल्या या हळू चालणाऱ्या भागाला जाणकार 'बॉटलनेक' म्हणतात. प्रोसेसर अडलेला असताना चित्राचा दर्जा कमी करणे किंवा कार्ड अडलेले असताना मागे चालणारे प्रोग्रॅम बंद करत बसणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. उपाय खोटा नसतो, तो चुकीच्या जागी पडलेला असतो.

निदानाची पहिली अडचण मोजमापातच आहे. खेळाच्या कोपऱ्यात दिसणारा एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याचा, आकडा ही सरासरी असते आणि सरासरी बरेच काही झाकते. एका सेकंदात पहिल्या ५९ फ्रेम मिळून अर्ध्या सेकंदात आल्या आणि साठावी एकटीच उरलेला अर्धा सेकंद अडून राहिली, तरी मोजणी ६०च येते. खेळणाऱ्याला मात्र चित्र गोठलेले दिसते आणि तेवढ्यात समोरच्याने गोळी झाडलेली असते. संगणकाच्या भागांच्या चाचण्या घेणारेही बराच काळ सरासरीवरच समाधान मानत होते. 'द टेक रिपोर्ट' या संकेतस्थळावर स्कॉट वासन यांनी सप्टेंबर २०११मध्ये सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजण्याचा आग्रह धरला. तिथून फ्रेम टाइमचे आलेख आणि 'एक टक्का लो', म्हणजे सर्वांत हळू आलेल्या एक टक्का फ्रेमवरून काढलेला दर, या मापांचा प्रसार झाला. जुन्या संगणकाच्या बाबतीत हा फरक कळीचा आहे, कारण तिथले दुखणे पुष्कळदा सरासरीत नसून हिसक्यांत असते. सरासरी ९० आणि मधूनच २०वर आपटणारे यंत्र खेळायला वाईट. ६०वर ठाम राहणारे यंत्र त्याहून कितीतरी चांगले. म्हणून वर ७०चा आकडा दिसत असूनही 'खेळ अडतो' म्हणणाऱ्याची तक्रार हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही. तो खरे सांगत असतो, आकडा अपुरे सांगत असतो.

दुसरी अडचण शब्दाची. ऑनलाइन खेळात काहीही बिनसले की सगळे त्याला 'लॅग' म्हणतात. पण सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, म्हणजे पिंग, आणि चित्र तयार व्हायला लागणारा वेळ यांचा एकमेकांशी संबंध नाही. पिंग बिघडला तर शत्रू एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखा दिसतो, तरी आपला माउस फिरवला की दृश्य अलगद फिरते. फ्रेम रेट बिघडला तर माउसबरोबर सगळे जगच अडखळते. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक या दोन्ही खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत. त्यामुळे ठाणे-पुण्याकडच्या खेळाडूला चांगली लाइन असेल तर अंतराचा त्रास फारसा नसतो, मात्र तोच खेळाडू चुकून सिंगापूरच्या सर्व्हरवर जोडला गेला तर उत्तम यंत्रावरही रखडतो. इंटरनेटचा प्लॅन वाढवून फ्रेम रेट सुधारत नाही आणि रॅम टाकून पिंग उतरत नाही. माउस फिरवून पाहण्याची ही साधी परीक्षा केली तरी निम्मे चुकीचे खर्च वाचतील.

यंत्र खरोखरच अडत असेल, तर अडते कोण हे शोधायला महागडी साधने लागत नाहीत. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारे रिव्हाट्यूनर, किंवा प्रेझेंटमॉन, कॅपफ्रेमएक्स ही सारी फुकट मिळणारी साधने फ्रेम टाइम आणि कार्डावरचा भार पडद्यावर दाखवतात. त्याहून सोपी परीक्षा रेझोल्यूशनची आहे. खेळ १९२०×१०८०वर चालत असेल तर तो तात्पुरता १२८०×७२०वर आणावा. पहिल्यात एका चित्रात २०,७३,६०० पिक्सेल रंगवावे लागतात, दुसऱ्यात ९,२१,६००, म्हणजे कार्डाचे काम निम्म्याहून खाली येते. एवढे ओझे उतरवल्यावर फ्रेम रेट झपाट्याने वाढला तर अडलेले कार्ड होते. आकडा जागचा हलला नाही तर कार्ड मोकळेच बसलेले होते आणि दोष प्रोसेसरच्या बाजूला आहे. इथे टास्क मॅनेजर हमखास फसवतो. चार कोरच्या जुन्या प्रोसेसरवर खेळाचा मुख्य धागा एका कोरला पूर्ण पिळून काढत असला आणि बाकीचे तीन रिकामे असले, तरी एकूण वापर २५ टक्के दिसतो. ते पाहून 'माझा प्रोसेसर तर पंचवीस टक्केच वापरला जातो' असे म्हणणारा माणूस नेमक्या त्याच प्रोसेसरपायी अडलेला असतो. ही परीक्षा करण्यापूर्वी दोन किरकोळ पण नेहमीच्या चुका तपासाव्यात. डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड असूनही मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये खोचलेली असते. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात आणि खेळ कमकुवतावर चालत राहतो. या दोन्हींचा इलाज बिनपैशाचा आणि दोन मिनिटांचा आहे.

कार्ड अडलेले असेल तर मार्ग बऱ्यापैकी सरळ आहे. रंगवायचे पिक्सेल कमी करा किंवा प्रत्येक पिक्सेलमागचे काम कमी करा. काउंटर-स्ट्राइक २मधला धूर हा सपाट चित्रांचा देखावा नाही. तो जागा व्यापतो, प्रकाश झेलतो, गोळी आरपार गेली की त्यात वाट पडते. जवळून पाहिल्यावर तोच धूर कमकुवत कार्डाला घाम फोडतो. कडा गुळगुळीत करणारे एमएसएए, कोपऱ्यांतला अंधार रंगवणारे अँबियंट ऑक्लूजन, शेडर डिटेल, पार्टिकल डिटेल या सेटिंग्ज खाली आणल्या की कार्डाला श्वास मिळतो. त्यापुढचा उपाय म्हणजे खेळ कमी रेझोल्यूशनवर रंगवून तो पडद्याएवढा ताणणे. एएमडीने जून २०२१मध्ये आणलेले एफएसआर हे तंत्र यासाठीच आहे. ते विशिष्ट नव्या कार्डांवर अडून राहत नाही, त्यामुळे जुन्या यंत्रांना खरा उपयोग त्याचाच. एनव्हिडियाच्या डीएलएसएसला आरटीएक्स मालिकेचे कार्ड लागते, म्हणजे ज्याला गरज आहे त्याच्या हाताला ते लागत नाही. यावर एक रास्त आक्षेप येतो. चित्र धूसर झाले तर लांबचा शत्रू दिसणार कसा? आक्षेपात तथ्य आहे, पण तो वाटतो तेवढा जड नाही. अमेरिकेतल्या वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये मार्क क्लेपूल आणि सहकाऱ्यांनी २००६ साली नेमबाजीच्या खेळांवर अभ्यास केला होता. खेळाडूच्या कामगिरीवर रेझोल्यूशनपेक्षा फ्रेम रेटचा परिणाम बराच मोठा असतो, असे त्यातून दिसले. आजही काउंटर-स्ट्राइकचे अनेक व्यावसायिक खेळाडू भारी यंत्र समोर असताना १२८०×९६०वर खेळतात. तेव्हा तडजोड करायचीच तर आधी चित्राच्या नाजूकपणावर करावी, त्याच्या सातत्यावर नाही. अपवाद एकच. जी सेटिंग माहिती देते ती शेवटी कापावी. सावल्या पूर्ण घालवल्या तर कोपऱ्यामागे उभ्या असलेल्याची चाहूल लागण्याची संधीही त्यांच्याबरोबर जाते.

प्रोसेसर अडलेला असेल तर वाट अवघड होते, कारण रेझोल्यूशन किंवा टेक्स्चर उतरवून त्याच्या डोक्यावरचे काम कमी होत नाही. खेळाडूंची संख्या, त्यांच्या हालचाली, स्फोट, सर्व्हरशी बोलणे हे सारे पाचशे रुपयांच्या कार्डासमोर आणि पन्नास हजारांच्या कार्डासमोर सारखेच असते. इथे सावल्या आणि दूरवरच्या वस्तू कमी केल्याने थोडा फरक पडतो, कारण काढायच्या वस्तूंची यादीच आखूड होते. ब्राउझरचे वीस टॅब, मागे चाललेले रेकॉर्डिंग, चॅटच्या खिडक्या बंद करण्याचा सल्लाही याच रुग्णासाठी आहे. पण जुन्या संगणकात प्रोसेसरच्या नावावर खपणारा बराचसा दोष स्मृतीचा असतो आणि तिथे थोड्या पैशात मोठे काम होते. डीडीआर३-१६०० जातीची रॅमची एकच काडी असेल तर सेकंदाला १२.८ जीबी माहिती वाहते. दोन काड्या योग्य खाचांत बसवल्या की दोन वाहिन्या उघडतात आणि ही क्षमता २५.६ जीबी होते. स्वतंत्र कार्ड नसलेल्या यंत्रात तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच रॅमवर जेवतात, त्यामुळे तिथे हा बदल सर्वाधिक जाणवतो. ८ जीबीची एक काडी आणि ४ जीबीच्या दोन काड्या यांची बेरीज एकच असली तरी खेळातली वागणूक एक नसते. रॅमच अपुरी असेल तर विंडोज उरलेला पसारा हार्ड डिस्कवर टाकते. फिरत्या तबकडीवर एखादी गोष्ट शोधायला साधारण १० मिलिसेकंद जातात, म्हणजे ६०च्या दरातल्या एका फ्रेमचा बहुतांश वेळ नुसत्या शोधात संपतो. नवा कोपरा वळताच येणारा हिसका पुष्कळदा इथून येतो. एसएसडी बसवल्याने सरासरी आकडा फारसा वाढत नाही म्हणून काहीजण ती निरुपयोगी ठरवतात. ती हिसके कमी करते, आणि दुखणे हिसक्यांचेच होते.

तिसरे कारण उष्णता. त्याकडे आपल्याकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिले जात नाही. प्रोसेसर आणि कार्ड ठरावीक तापमानाच्या पुढे जाऊ लागले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. इंटेलच्या अनेक लॅपटॉप प्रोसेसरमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. याची खूण ओळखायला सोपी आहे. पहिली दहा मिनिटे खेळ छान चालतो, मग ढासळतो, थोडी विश्रांती दिली की पुन्हा सुधारतो. सेटिंग्जचा दोष असता तर तो पहिल्या मिनिटापासून दिसला असता. पंखा खोलीतल्या हवेनेच गार करतो, त्याहून खाली तो नेऊ शकत नाही. म्हणून खोलीची हवा २५ऐवजी ४० अंश असेल तर ती पंधरा अंशांची भर जवळजवळ सरळ चिपच्या तापमानात पडते. उन्हाळ्यात पारा ४५च्या घरात नेणाऱ्या अकोला-चंद्रपूरकडचे यंत्र आणि वातानुकूलित खोलीत तपासलेले यंत्र यांचे आकडे जुळत नाहीत, त्याचे हे साधे कारण. यावरचा इलाजही साधा आहे. पंख्यांत साचलेली धूळ काढणे, वर्षानुवर्षे वाळून गेलेली थर्मल पेस्ट बदलणे, लॅपटॉप गादीवर न ठेवता टणक पृष्ठभागावर मागून उचलून ठेवणे. लॅपटॉप चार्जर न लावता खेळला तर बॅटरीच्या मर्यादेमुळे वेग कापला जातो, हेही याच घराण्यातले कारण. फ्रेम रेटला स्वतःहून मर्यादा घालणे हा उपाय ऐकायला उलटा वाटतो, पण उष्णतेने ढासळणाऱ्या यंत्राला तो मानवतो. शंभरावर धावून धापा टाकत चाळीसवर येण्यापेक्षा साठवर बांधून घेतलेले यंत्र शेवटच्या राउंडपर्यंत साठवर राहते.

आता ज्यांचा गाजावाजा सर्वाधिक आहे त्या युक्त्यांकडे वळू. गेम बूस्टर नावाचे प्रोग्रॅम जे करतात त्यातले उपयोगी तेवढे, म्हणजे मागचे प्रोग्रॅम बंद करणे, हाताने दोन मिनिटांत होते आणि बूस्टर स्वतःच मागे चालणारा आणखी एक प्रोग्रॅम ठरतो. रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना आपला पाठिंबा नाही, असे मायक्रोसॉफ्टनेच सांगितले आहे. 'नवा ड्रायव्हर टाका' हा सल्ला नव्या कार्डाला ठीक आहे. जुन्यांसाठी तो कधीच कालबाह्य झाला, कारण एनव्हिडियाने जीटीएक्स ६०० आणि ७०० मालिकांतल्या केप्लर कार्डांसाठी खेळांचे नवे ड्रायव्हर २०२१मध्ये थांबवले आणि एएमडीनेही त्याच वर्षी आपल्या त्या काळातल्या कार्डांना जुन्यांच्या यादीत टाकले. विंडोजमधली मेमरी इंटेग्रिटी ही सुरक्षा बंद केल्याने काही यंत्रांवर वेग वाढतो हे खरे आहे. २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने खेळणाऱ्यांना तसा पर्याय देताना यंत्र धोक्याला उघडे पडते हेही बजावले होते. सर्वांत वाईट सल्ला म्हणजे कोणीतरी छाटून ठेवलेली विंडोजची प्रत टाकणे किंवा अँटिव्हायरस कायमचा बंद करणे. ज्या खात्यात वर्षांची कमाई आणि पैसे देऊन घेतलेल्या स्किन्स आहेत, ते खाते पाच फ्रेमसाठी अनोळखी माणसाच्या हवाली करण्यात शहाणपण नाही.

'पण मला तर फरक पडला!' हा या सगळ्यावरचा सर्वांत जोरकस आक्षेप. हजारो जण एखाद्या युक्तीची शपथ घेत असतील तर ते सारे खोटे कसे? ते खोटे बोलत नाहीत, त्यांची तुलना सदोष असते. बहुतेक युक्त्यांनंतर संगणक पुन्हा सुरू करायला सांगितले जाते, आणि नुसते पुन्हा सुरू करण्यानेच मागे साचलेला पसारा साफ होतो. मोठ्या अपडेटनंतरच्या पहिल्या खेळात कार्डासाठीची छोटी सूत्रे, म्हणजे शेडर, नव्याने तयार होत असतात, त्यामुळे हिसके बसतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेळात ती तयार असल्याने हिसके आपोआप कमी होतात. मधल्या काळात आपण जे काही केलेले असते त्याला श्रेय मिळते, कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते. शिवाय दर सामना वेगळा असतो. धुराने भरलेला बॉम्बसाइट आणि मोकळा रस्ता यांच्या फ्रेम रेटची तुलना होऊच शकत नाही. म्हणून बदल तपासायचा तर एका वेळी एकच बदलावा, तोच नकाशा, तीच वाट, तेवढाच वेळ घ्यावा आणि आधी-नंतर प्रत्येकी तीनदा मोजावे. काउंटर-स्ट्राइकच्या वर्कशॉपमध्ये यासाठी बनवलेले बेंचमार्क नकाशे मिळतात. अर्ध्या तासाचे हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण आठवडाभर युक्त्या लावत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडते. शिवाय त्यातून एखादी युक्ती खरीच ठरली तर ती मानायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा. एवढी उठाठेव कशाला, नवा संगणक घ्या. काही यंत्रांपुरते हे खरेच आहे आणि आढाव्यात ते लपवून चालणार नाही. दोन कोरचा प्रोसेसर किंवा डायरेक्टएक्स ११ न जाणणारे कार्ड यांना काउंटर-स्ट्राइक २ नीट चालवायला लावणारी युक्ती नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात येणार कुठून? दारे बंद होण्याचे कारण प्रत्येक वेळी वेग असेलच असेही नाही. स्टीमने १ जानेवारी २०२४पासून विंडोज ७ आणि ८ यांची साथ सोडली. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११वर व्हॅलोरंट खेळायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतात, जे बऱ्याच जुन्या मदरबोर्डांवर नाहीत. पण सरसकट 'नवे घ्या' म्हणणे हेही निदानावाचून दिलेले औषधच आहे. ज्याच्या यंत्राला रॅमच्या एका काडीची आणि साफसफाईची गरज आहे, त्याला पूर्ण यंत्र बदलायला लावणे हा त्याच्या खिशावर अन्याय आहे. अर्धवट नवे घेण्यातही धोका असतो. प्रोसेसर अडलेला असताना महागडे कार्ड घेणारा माणूस पैसे घालवून त्याच आकड्यावर राहतो. आणि टाकलेला संगणक कुठेतरी जातोच. संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या २२.३ टक्क्यांचीच रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. चालणारे यंत्र दोन वर्षे जास्त चालवणे यात कंजूषपणा नाही.

इथवर सगळा भार खेळणाऱ्याच्या डोक्यावर टाकला. पण निदान प्रामाणिकपणे करत गेले तर काही वेळा बोट खेळाकडेच वळते. 'जीटीए ऑनलाइन' पीसीवर सुरू व्हायला मिनिटेच्या मिनिटे लागत आणि लोक आपल्या जुन्या यंत्रांना दोष देत. २०२१च्या आरंभी एका बाहेरच्या प्रोग्रॅमरने खेळाच्या आत शिरून पाहिले. दुकानातल्या सुमारे ६३ हजार वस्तूंची १० एमबीची यादी वाचताना खेळ प्रत्येक वस्तूपाशी उरलेली सगळी यादी पुन्हा पुन्हा मोजत होता आणि हे सारे एकाच कोरवर चालले होते. त्याच्या दुरुस्तीने त्याच्या यंत्रावर हा वेळ सुमारे सत्तर टक्क्यांनी घटला. खेळाची निर्माती कंपनी रॉकस्टारने चूक मान्य केली, त्याला १० हजार डॉलर दिले आणि मार्चमध्ये दुरुस्ती सर्वांना दिली. २०१५पासून असंख्य यंत्रांच्या माथी मारलेला दोष असा काही ओळींचा निघाला. उदाहरण लोडिंगचे आहे, फ्रेम रेटचे नाही. पण यंत्र हळू म्हणून खेळ हळू, हे समीकरण तपासल्याशिवाय मानू नये एवढे ते शिकवते. याउलट जून २०२०मध्ये आलेल्या व्हॅलोरंटने जुनी यंत्रे गृहीत धरूनच बांधणी केली. कोणत्या यंत्रावर किती फ्रेम मिळतील हे त्याने उघड लिहिले: २०१२च्या इंटेल एचडी ४००० ग्राफिक्सवर ३०, जीटी ७३० कार्डावर ६०, जीटीएक्स १०५० टीआयवर १४४च्या पुढे. फोर्टनाइटने डिसेंबर २०२०मध्ये कमकुवत यंत्रांसाठी वेगळा परफॉर्मन्स मोड दिला. काउंटर-स्ट्राइक २च्या किमान गरजांत मात्र २००९च्या आय५-७५० प्रोसेसरचे नाव आहे आणि त्यावर किती फ्रेम मिळतील याबद्दल एक शब्दही नाही. खेळ सुरू होणे आणि खेळता येणे यांतले अंतर ती यादी सांगत नाही.

जुन्या यंत्रांना सांभाळत बसले तर खेळांची कला पुढे जाणार कशी, असे यावर विचारले जाते. एकट्याने खेळायच्या, कथा सांगणाऱ्या खेळांपुरता हा प्रश्न रास्त आहे. तिथे निर्मात्याला हवे ते स्वप्न रंगवू द्यावे, ज्याचे यंत्र पोचेल तो पाहील. ऑनलाइन स्पर्धेच्या खेळाचे तसे नाही. तिथे समोरच्याला १४४ फ्रेम आणि मला अडखळत ३५ मिळत असतील तर मैदानच सपाट राहत नाही. शिवाय ज्या खेळाचे जीवनच रोज येणाऱ्या गर्दीवर चालते, त्याने गर्दीतल्या बहुतेकांचे यंत्र कसे आहे हे पाहणे ही मेहेरबानी नसून धंद्याची गरज आहे. व्हॅलोरंटचा पडदा साधा ठेवला म्हणून तो कोणी खेळायचे टाकले नाही. उलट शत्रू ठळक दिसतो हा त्याचा गुण मानला गेला. निर्मात्यांकडून फार काही मागण्याची गरज नाही. किमान गरजांच्या यादीपुढे फ्रेम रेटचा आकडा छापावा, तोही सरासरीबरोबर एक टक्का लो देऊन. आणि खेळातच एक ठरावीक परीक्षा-फेरी द्यावी, जी प्रोसेसर अडतो की कार्ड, हे एका वाक्यात सांगेल. बहुतेक युक्त्यांचा बाजार त्या एका वाक्याने उठेल.

तोवर काम आपल्यालाच करायचे आहे आणि त्याचा क्रम ठरलेला आहे. माउस फिरवून पाहा, दोष लाइनचा की चित्राचा ते कळेल. केबल, चार्जर आणि धूळ तपासा. रेझोल्यूशन उतरवून पाहा, अडते कोण ते कळेल. कार्ड अडत असेल तर सेटिंग्जकडे वळा, प्रोसेसर अडत असेल तर आधी रॅमच्या काड्या मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मोजून पाहा. एवढे करूनही आकडा हलला नाही, तर ते यंत्र त्या खेळासाठी संपले असे समजावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी.